सावरगावचा ट्रे

१

जुना ट्रे ओळखायचा असेल तर आधी तो उलटा करावा. समोरची नक्षी फसवते, पाठ सहसा फसवत नाही. पत्र्याची कड नीट आत वळवलेली असेल आणि पाठीला हिरवा किंवा तपकिरी हात मारलेला असेल, तर तो पन्नास-साठ सालचा समजावा. मग सुलटा करून रंग बघावेत. त्या काळच्या छपाईत पिवळा रंग केसभर सरकलेला असतो, पान एकीकडे आणि त्याची रेघ एकीकडे. सत्तरीनंतरच्या मालात ती चूक नसते आणि मजाही नसते. शेवटी अंगठ्यांच्या जागा बघाव्यात. ट्रे धरणारीचे अंगठे जिथे येतात तिथली नक्षी दोन्ही बाजूंना उडालेली असते. जिथे ती शाबूत आहे तो ट्रे नुसता शोकेसमध्ये बसून राहिलेला. असला ऐतखाऊ मी घेत नाही.

सावरगावचा धरला नाही तर माझ्याकडे असे त्रेचाळीस ट्रे आहेत. सौंसरच्या माझ्या घरात मधल्या खोलीची अख्खी भिंत त्यांनी भरली आहे. मी सरकारी शाळेत विज्ञान शिकवते, शाळा सकाळची, एकला घरी येते, जेवते आणि भिंतीसमोर खुर्ची टाकून बसते. लोक विचारतात, प्रेमलता मॅडम, पोस्टाची तिकिटं जमवतात, नाणी जमवतात, हे ट्रे कोण जमवतं हो? मी म्हणते, आवड एकेकाची.

खरं कारण निराळं आहे. वयाच्या विसाव्या वर्षापासून सव्विसाव्यापर्यंत नऊ वेळा मी ट्रे घेऊन बैठकीत गेले. पोहे, चहा, पाण्याचे ग्लास, आणि मान खाली. मान जरा वर झाली की आई मागून पदर ओढायची. नऊ घरची माणसं मला बघून गेली आणि मी बघितले ते त्यांचे पाय आणि आमचा ट्रे. त्या ट्रेवर चौतीस गुलाब होते, चार कळ्या. दर वेळी मोजायचे. दहाव्या वेळी मी ट्रे स्वयंपाकघरात जमिनीवर ठेवला आणि म्हटलं, मी जात नाही, पोहे खायचे असतील तर आत येऊन खा म्हणावं त्यांना. त्या दिवशी घरात कोणी जेवलं नाही. पुढच्या वर्षी नोकरी लागली, मग हे घर झालं, आणि एकेक ट्रे भिंतीवर चढत गेला. आता त्यांनी उभं राहायचं आणि मी बसून बघायचं.

२

सावरगावच्या ट्रेबद्दल मला पांढुर्ण्याच्या एका मैत्रिणीने सांगितलं. दिवाळीच्या सुटीत गेले. जाम नदीचा पूल ओलांडला, दोनदा पत्ता विचारला आणि वच्छलाबाईंचं घर सापडलं. सत्तरीच्या बाई ओसरीत लसूण सोलत बसल्या होत्या. ट्रे म्हटल्याबरोबर उठल्या आणि पलंगाखालून लुगड्यात गुंडाळलेलं काहीतरी काढून आणलं.

ट्रे बघून माझा जीव हरखला, खोटं कशाला सांगू. राखी जमीन, तिच्यावर काळ्या रेषांच्या तिरप्या चौकटी, प्रत्येक चौकटीत एक पिवळं पान. पिवळा रंग जिथे सरकायचा तिथेच सरकलेला. अंगठ्यांच्या जागी नक्षी उडून नुसता पत्रा चकाकत होता, आणि इतक्या खोल खुणा मी कुठल्या ट्रेवर पाहिल्या नव्हत्या.

"किती जणींनी धरला असेल हो हा?" मी विचारलं.

"गल्लीतल्या साऱ्या पोरींनी धरला जी. एकच होता गल्लीत. ज्याच्या घरी पाहुणे, त्याच्या घरी जाये." मग त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुमच्या घरी कोण कोण हाये?"

"मी एकटीच."

"पोरगी, सून, भाची?"

"कोणी नाही."

"येऊन-जाऊन राहणारी?"

"अहो नाही हो. मी आणि माझे ट्रे."

तेव्हा कुठे त्यांनी मान डोलावली. आत जाऊन दोन मुठी साखर आणली आणि ट्रेवर ओतली. रिकामं भांडं घरातून जात नाही, ही रीत आमच्याकडे घरोघरी आहे, त्यात नवल नव्हतं. पण पुढे म्हणाल्या, "तुमच्या घरीबी रिकामा नका ठेवजा. साखर सरली तं दुसरं काही ठेवजा. दाणे ठेवा, सुपारी ठेवा."

"कावून?"

"असंच." आणि पुन्हा लसूण सोलायला बसल्या.

मी हो म्हटलं. शाळेतल्या बैठकांमुळे पटलेलं नसताना हो म्हणायची मला चांगली सवय आहे. घरी येऊन साखर डब्यात टाकली, ट्रे धुतला, पुसला आणि चव्वेचाळिसावा म्हणून भिंतीवर टांगला. माझ्या भिंतीवरचा एकही ट्रे काही वाहत नाही, हा माझा नियम आहे, आणि सावरगावच्या लसणासाठी मी तो मोडणार नव्हते.

३

तिसऱ्या दिवशी दुपारी ट्रेवर एक ओलं वर्तुळ दिसलं.

गरम कप ठेवून उचलल्यावर उमटतं तसं, कपाच्या बुडाएवढं. मी फडक्याने पुसलं. भिंतीला ओल असेल म्हणून भिंत चाचपली, कोरडी होती. नोव्हेंबरची हवा, थंड पत्र्यावर बाफ धरते, हे मीच सातवीला शिकवते. शेजारच्या ट्रेवर बाफ का नाही, हा प्रश्न मी सातवीतल्या एखाद्या पोराने विचारला असता तर त्याला शाबासकी दिली असती. स्वतःला दिली नाही.

दुसऱ्या दिवशी दोन वर्तुळं होती, मग तीन. शुक्रवारी पाच झाली आणि पाचावर थांबली. रोज चारच्या सुमाराला यायची, पाचपर्यंत वाळायची. मी बोट लावून वास घेतला. चहा होता, आलं घातलेला. मी आलं घालत नाही.

वास, रंग, ओल, सगळ्याला मी काही ना काही कारण लावलं असतं. पण ट्रे भिंतीवर उभा टांगलेला होता. उभ्या पत्र्यावर ओलं काही टेकवलं तर ओघळ खाली यायला हवा. एकही ओघळ नव्हता. पाचही वर्तुळं गोल, जशी सपाट ट्रेवर असतात तशी. मी अर्धा तास उभी राहून बघत होते आणि मला पहिल्यांदा वाटलं की भिंत कुठली आणि जमीन कुठली हे त्या ट्रेने स्वतःपुरतं ठरवून टाकलं आहे.

मग मला राग आला. मी ट्रे उतरवला, खसाखसा घासला आणि पुन्हा तिथेच टांगला.

४

त्यानंतर आवाज सुरू झाले. मध्यरात्री नाही, काळोखात नाही. भर दुपारी चार वाजता, शेजारच्या घरी टीव्ही चालू असताना, रस्त्यावरून संत्र्यांची गाडी जात असताना.

मी स्वयंपाकघरात असले की बैठकीतून यायचे. आधी फाटकाची कडी. मग दाराशी चपला काढल्याचा आवाज, एकामागून एक. खुर्च्या सरकल्याचा. कुणीतरी बसताना टाकलेला उसासा. मग थोडा वेळ काहीच नाही, आणि मग एका पुरुषाचं खाकरणं.

ते खाकरणं मी ओळखलं. ज्या बाईने कधी ट्रे घेऊन पडद्यामागे वाट बघितली आहे तिला ते सांगावं लागत नाही. ते घसा साफ करणं नसतं. पोरीला आणा, असं सांगणं असतं.

पहिल्या दिवशी मी पडदा बाजूला करून बैठकीत गेले तर तिथे कोणी नव्हतं. पंखा मात्र फिरत होता. नोव्हेंबरात मी पंखा लावत नाही. भिंतीला लावून ठेवलेल्या पाच खुर्च्या अर्धगोलात मांडलेल्या होत्या आणि त्यांच्या समोर, चार हातांवर, माझं स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल.

ते स्टूल कुणाचं हे मला माहीत होतं. मी ते उचलून आत नेलं, खुर्च्या भिंतीला लावल्या आणि रिकाम्या बैठकीत मोठ्याने म्हटलं, "चुकीच्या घरी आलात. इथे दाखवायला कोणी नाही."

दुसऱ्या दिवशी स्टूल पुन्हा तिथेच होतं. मी पुन्हा उचललं. असं नऊ-दहा दिवस चाललं. रात्री झोप लागायची नाही, दोनदा वाटलं की कुणाकडे तरी राहायला जावं. पण घर माझं होतं. हे घर करताना माझ्या नाकी नऊ आले होते, आणि पाच खुर्च्यांना घाबरून मी ते सोडणार नव्हते.

५

मग एके संध्याकाळी माझा थोरला भाऊ विजयदादा पांढुर्ण्याहून आला. वहिनी जाऊन चार वर्षं झाली. एकच मुलगी, गायत्री, नागपूरला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला.

"प्रेमा, रविवारी चार वाजता गायत्रीले पाहाले लोक येऊन राहिले," तो म्हणाला. "नागपूरचे हायेत. मध्यस्थ नत्थूजीनं जमवलं. घरात बाईमाणूस नाही म्हणून तुह्या घरी बोलावले."

"मला न विचारता?"

"तुले काय विचारा लागते? तुहं घर का परकं हाये?"

"गायत्रीला विचारलं?"

"पाहून तं जाऊ दे. पाह्यल्यानं काय होते?"

"दादा, चहा द्यायचाच आहे ना? मग तू ने ट्रे. मान खाली घालून."

तो हसला. मी हसले नाही, पण पालथ्या घड्यावर पाणी. रात्री गायत्रीचा फोन आला. "आत्या, मला नाही करायचं गं आत्ता. परीक्षा आहे, पुढं शिकायचं आहे. बाबा ऐकूनच नाही राहिले."

मी सांगितलं, ये तू, बघू काय होतं ते. फोन ठेवला आणि मग माझ्या ध्यानात आलं. रविवारी चार वाजता माझ्या घरी दाखवायला मुलगी असणार होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ट्रे पिशवीत घालून मी थेट सावरगावला गेले. वच्छलाबाईंनी पिशवी बघितली आणि ओसरीवरून उठून दारात उभ्या राहिल्या. त्यांच्या मागे दप्तर घेतलेली एक पोरगी होती, तेरा-चौदा वर्षांची.

"परत नाही घेणार जी मी," त्या म्हणाल्या.

"पण हे आहे तरी काय?"

"मले नाही माहीत. पाह्यलं नाही कधी. मान कुठं वर करू दिली कोणी?" त्यांनी पोरीचा हात घट्ट धरला होता. "नात मोठी होऊन राहिली माही. तुमच्या घरी कोणी नाही म्हणून तुमाले देल्ला. मी तीनदा विचारलं होतं."

त्यांनी दार लावून घेतलं. मला त्यांचा संताप आला, आणि त्यांच्या जागी मी असते तर मीही हेच केलं असतं, हेही कळलं.

६

ट्रेवर मी उशिरा का होईना मूठभर साखर टाकली, तो चादरीत गुंडाळला आणि लोखंडी पेटीत घोंगड्यांखाली ठेवून कुलूप लावलं. रविवारी सकाळी गायत्री आली. आईची मोरपंखी साडी नेसली. विजयदादा साडेतीनला स्कूटर घेऊन चौकात पाहुण्यांची वाट बघायला गेला. मी तीन वाजता बैठकीची फरशी पुसली होती, खुर्च्या भिंतीला लावल्या होत्या, स्टूल बाथरूममध्ये कोंडलं होतं.

चार वाजता मी मधल्या खोलीत बश्या पुसत होते. फाटकाची कडी वाजली. चपला काढल्याचे आवाज आले. खुर्च्या सरकल्या.

"आत्या, आले वाटतं ते," गायत्री स्वयंपाकघरातून म्हणाली.

खरे पाहुणे आले म्हणून मी सुटकेचा श्वास टाकला. एवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, नत्थूजी बोलून राहिलो. गाडीचा टायर गेला जी, बोरगावपाशी. सारे पाहुणे माह्यासंगच हायेत, अर्धा-पाऊण तास लागंल. विजयभाऊ फोन उचलून नाही राहिले, तं तुमी सांगून द्या."

बैठकीत पंखा सुरू झाला. कुणीतरी खाकरलं.

मी धावत स्वयंपाकघरात गेले. गायत्री ओट्यापाशी उभी होती आणि तिच्या हातात सावरगावचा ट्रे होता. त्याच्यावर पाच कप, पाचही भरलेले, वाफ निघत असलेले. माझं चहाचं आधण अजून गॅसवर उकळायचं होतं.

"हा कुठून काढलास?"

"मी कुठे काढला? ओट्यावरच होता, कप मांडून. मला वाटलं तूच ठेवला."

"खाली ठेव."

"ठेवता नाही येऊन राहिला, आत्या."

तिचे अंगठे त्या चकाकत्या जागांवर होते आणि टोकं पांढरी पडली होती. तिची मान हळूहळू खाली जात होती.

"गायत्री, वर बघ. माझ्याकडे बघ."

"नाही होत गं." तिला रडू फुटलं, आणि रडता रडता तिचं एक पाऊल पडद्याच्या दिशेने पडलं.

मी तिच्या समोर उभी राहिले, माझे अंगठे तिच्या अंगठ्यांखाली सारले आणि जीव खाऊन ओढलं. ती किंचाळली, मागे कोलमडली, आणि ट्रे माझ्या हातात आला. पाच कप चहाचं ते ओझं नव्हतं. भरलेली घागर उचलल्यासारखी कंबर वाकली.

"मागच्या दाराने जा. स्टँडवर जा, मिळेल ती नागपूरची गाडी पकड."

"आणि बाबा?"

"बाबांचं मी बघते. पळ!"

मागचं दार वाजेपर्यंत मी थांबले. मग पडद्यातून बैठकीत गेले.

७

मान आपोआप खाली गेली. बावीस वर्षांनी, तशीच.

मला पाय दिसले. पाच जणांचे, अर्धगोलात. दोन पुरुषांच्या टाचा भेगाळलेल्या. एका बाईच्या बोटांत जोडवी इतकी रुतलेली की मांस वर आलं होतं. सगळ्या पायांना वाळलेली माती होती आणि मी पुसलेल्या फरशीवर एकही ठसा नव्हता. समोर स्टूल होतं. माझे गुडघे त्याच्यावर बसायला वाकत होते.

बसले नाही. मी मान वर करायला लागले. ते काम किती वेळ चाललं सांगता येत नाही. पोटऱ्या, गुडघे, मांड्यांवर ठेवलेले हात, मग वर. तोंडांबद्दल मी काही लिहिणार नाही. वर्णन करायचं तर कुठून सुरुवात करायची ते तरी कळावं लागतं. नजरा मात्र कळल्या. त्यांच्यातलं कोणीच माझ्याकडे बघत नव्हतं. सगळे माझ्या खांद्यावरून मागे, पडद्याकडे बघत होते.

"पोरगी दाखवायची नाही," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "आजही नाही, कधीच नाही. उठा."

कोणी उठलं नाही. मी ट्रे त्यांच्या पुढ्यात पालथा केला. कप पडल्याचा आवाज आला नाही. बाहेर दादाच्या स्कूटरचा हॉर्न वाजला, मी दचकून दाराकडे बघितलं, आणि परत वळले तेव्हा पाच रिकाम्या खुर्च्यांवर पंखा फिरत होता.

खरे पाहुणे आले, त्यांना मी स्टीलच्या पेल्यांत चहा दिला आणि मुलगी परीक्षेसाठी गेली म्हणून सांगितलं. नत्थूजी कपाळाला हात लावून बसले. दादा म्हणाला, तू माही इज्जत घालवली, आणि तेव्हापासून बोलत नाही. न बोलू दे. गायत्रीच्या अंगठ्यांची कातडी सोलवटली होती, ती भरत आली. परवा तिचा पहिला पेपर झाला.

ट्रे मी टाकलेला नाही. भंगारात दिला तर तो कुणाच्या तरी घरी जाणार, आणि त्या घरी एखादी पोरगी असणार. तो माझ्याकडेच राहील, मुद्दाम रिकामा. पाहुण्यांना यायचंच असेल तर त्यांनी माझ्याकडेच यावं.

आणि ते येतात. रोज चार वाजता मी मोकळ्या हातांनी बैठकीत जाते, स्टुलावर बसते आणि मान वर करून एकेकाकडे बघते. भीती जात नाही. पहिले दोन आठवडे ते माझ्या मागच्या पडद्याकडेच बघत राहिले. मग सोमवारी जोडव्यांवाल्या बाईने नजर वळवून माझ्याकडे लावली. मी डोळे हलवले नाहीत. मंगळवारी नाही, बुधवारी नाही.

आज साडेचारला तिने मान खाली घातली. उरले चार.